नाव पुसलेली चिप आणि तिचे शेजारी

इंजिनाला किती इंधन द्यायचे आणि ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पाडायची हे ठरवणारी बहुधा ॲल्युमिनियमची एक बंद पेटी आजच्या प्रत्येक पेट्रोल गाडीत असते; डिझेल गाडीत ठिणगी नसते, पण इंधन केव्हा आणि किती फवारायचे हा निर्णय तिथेही अशीच पेटी घेते. तिला इंजिन कंट्रोल युनिट किंवा थोडक्यात ईसीयू म्हणतात. तिच्या कामाचा वेग समजण्यासाठी एक साधा हिशेब पुरेसा आहे. पुष्कळ इंजिनांच्या क्रँकशाफ्टवर ६० दात्यांच्या मापाचे एक चाक बसवलेले असते आणि त्यातले २ दाते मुद्दाम वगळलेले असतात, म्हणजे त्या रिकाम्या जागेवरून शाफ्ट कुठल्या कोनात आहे हे ओळखता येते. इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेत असेल, तर एक फेरा १० मिलिसेकंदांत पूर्ण होतो आणि एका दात्याच्या वाट्याला जेमतेम १६७ मायक्रोसेकंद येतात. तेवढ्या वेळात ईसीयूला चाकाची स्थिती नोंदवायची असते आणि पुढच्या ठिणगीचा हिशेब चालू ठेवायचा असतो.

या पेटीचा नकाशा किंवा तिच्यातला प्रोग्राम निर्माते बाहेर देत नाहीत. तयार वस्तूवरून मागे मागे जात तिची रचना आणि तिच्यामागचा विचार शोधून काढणे याला रिव्हर्स इंजिनिअरिंग म्हणतात. उत्पादन थांबलेल्या युनिटची दुरुस्ती, सुरक्षेतील कच्चे दुवे शोधणे, निर्मात्याने केलेले दावे पडताळून पाहणे, अशी त्याची कारणे अनेक आहेत. काम किचकट आहे, पण त्याला एक निश्चित रीत आहे. त्या रीतीचे मर्म असे, की चिप तिच्यावर छापलेल्या नावापेक्षा तिच्या शेजाऱ्यांवरून अधिक खात्रीने ओळखता येते.

पेटी उघडण्याआधी बाहेरचे लेबल नीट वाचून लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, बॉशच्या युनिटवरील दहा आकडी क्रमांक ० २६१ ने सुरू होत असेल तर ते पेट्रोल इंजिनाचे आणि ० २८१ ने सुरू होत असेल तर डिझेल इंजिनाचे असते. झाकण बहुधा सिलिकॉनसारख्या चिकट सीलने बसवलेले असते. ते घाईने उचकटले तर हत्यार थेट बोर्डावर घसरते आणि एखादी बारीक तांब्याची वाट कापली जाते. आतला बोर्ड ओलाव्यापासून वाचवण्यासाठी पारदर्शक लेपाने झाकलेला असतो, त्यामुळे मल्टीमीटरची टोके टेकवण्यापूर्वी तेवढ्या जागेवरचा लेप काढावा लागतो. अंगातील स्थिर विजेने चिप मरू शकते म्हणून मनगटाला ग्राउंडचा पट्टा बांधावा. आणि काहीही सोडवण्याआधी दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो काढावेत. माझी स्वतःची सवय अशी आहे, की एका मोठ्या कागदावर बोर्डाचे रेखाटन करायचे, त्यावर जे केवळ अनुमान आहे ते पेन्सिलने लिहायचे आणि जे मोजून सिद्ध झाले आहे तेवढेच शाईने. चार दिवसांनी पुन्हा कामाला बसल्यावर आपण काय जाणतो आणि काय नुसते मानतो यातला फरक त्या कागदाइतका स्पष्ट दुसरे काहीच दाखवत नाही.

आता चिपांची नावे. चिपच्या पाठीवर साधारणपणे निर्मात्याचे चिन्ह, भागाचा क्रमांक आणि उत्पादनाची तारीख दाखवणारा संकेत असतो. चार आकड्यांच्या संकेतात बहुधा पहिले दोन आकडे वर्षाचे आणि पुढचे दोन आठवड्याचे असतात, म्हणजे ०४३२ हा २००४ सालचा बत्तिसावा आठवडा. चिन्हाच्या बाबतीत नवशिक्याची हमखास फसगत होते, कारण या धंद्यात कंपन्यांची नावे आणि मालक फार बदलले आहेत. सीमेन्सचा चिप विभाग १९९९ मध्ये इन्फिनिऑन झाला. हिताची आणि मित्सुबिशी यांचे चिप विभाग २००३ मध्ये एकत्र येऊन रेनेसास झाले. मोटोरोलाचा विभाग २००४ मध्ये फ्रीस्केल झाला आणि पुढे २०१५ मध्ये एनएक्सपीमध्ये विलीन झाला. आणि ही एनएक्सपी म्हणजे पूर्वाश्रमीचा फिलिप्सचा चिप विभाग. त्यामुळे एकाच प्रकारच्या चिपवर उत्पादनाच्या सालानुसार वेगवेगळी चिन्हे दिसू शकतात आणि जुन्या चिपचे डेटाशीट, म्हणजे निर्मात्याचे तपशीलपत्रक, आज तिसऱ्याच नावाच्या कंपनीच्या दप्तरात सापडते. तारखेचा संकेत वाचून त्या वर्षी त्या घराण्याचे नाव काय होते हे पाहिले, की शोध निम्म्यावर येतो.

खरी अडचण पुढे आहे. ईसीयूचे मोठे निर्माते पुष्कळ चिपा खास स्वतःसाठी बनवून घेतात आणि त्यांच्यावर फक्त आपला अंतर्गत क्रमांक छापतात. बॉशच्या बोर्डांवर नुसते पाच आकडे असलेल्या चिपा नेहमी भेटतात. काही ठिकाणी अक्षरे घासून काढलेली असतात. अशा चिपचे डेटाशीट जाहीरपणे उपलब्धच नसते, आणि म्हणून नावाचा नाद सोडून तिच्या संबंधांकडे वळावे लागते.

सुरुवात कनेक्टरपासून करावी, कारण कनेक्टरच्या प्रत्येक पिनचे बाहेरचे काम गाडीच्या वायरिंगच्या नकाशात दिलेले असते आणि तो नकाशा दुरुस्तीच्या पुस्तिकेत मिळतो. मल्टीमीटर बीपवर (दोन टोके जोडलेली असली की वाजेल असा) ठेवून एक टोक कनेक्टरच्या पिनला लावायचे आणि दुसऱ्या टोकाने बोर्डावर वाट कुठे जाते ते शोधत जायचे. इंजेक्टरच्या, म्हणजे इंधन फवारणाऱ्या झडपेच्या, पिनपासून निघालेली वाट सहसा थेट एका जाड, उष्णता बाहेर टाकणाऱ्या चिपला किंवा ट्रान्झिस्टरला मिळते. इंजेक्टरला बॅटरीचा पुरवठा दुसऱ्या टोकाने कायम मिळत असतो आणि ईसीयू फक्त त्याचे मोकळे टोक ग्राउंडला जोडते व सोडते, त्यामुळे हा भाग ग्राउंडच्या बाजूचा स्विच असतो. तापमानाच्या सेन्सरची वाट वेगळीच दिसते: पिनपासून निघाल्यावर एक रेझिस्टर ५ व्होल्टकडे जातो, दुसरा रेझिस्टर आणि एक छोटा कपॅसिटर मिळून गोंगाट गाळतात आणि वाट मायक्रोकंट्रोलरच्या, म्हणजे प्रोग्राम चालवणाऱ्या मुख्य चिपच्या, बदलते व्होल्ट मोजणाऱ्या ॲनालॉग पायावर संपते. थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनात शिरणारी हवा कमीजास्त करणाऱ्या झडपेच्या, मोटरच्या दोन्ही तारा एकाच चिपमध्ये शिरत असतील, तर ती मोटरला दोन्ही दिशांनी फिरवणारी ब्रिज चिप आहे हे नाव न वाचताही सांगता येते. तापणारे भाग पेटीच्या कडेला, धातूला चिकटून बसवलेले असतात, आणि मायक्रोकंट्रोलर व मेमरी त्यांच्यापासून दूर मध्यभागी असतात. ही वाटणी एकदा डोळ्यांत बसली, की अनोळखी बोर्डसुद्धा परका वाटत नाही.

आठ पायांच्या छोट्या चिपांकडे थोडे थांबून पाहण्यासारखे आहे, कारण बोर्डावर त्या अनेक असतात, दिसायला सारख्या असतात आणि कामे मात्र अगदी वेगळी करतात. समजा, अशा एका चिपचे नाव पुसले गेले आहे. पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की ग्राउंड कोणत्या पायावर आहे? पेटीचा ग्राउंड आपल्याला कनेक्टरवरून माहीत असतो, त्यामुळे बीप ऐकून हे क्षणात कळते. ग्राउंड दुसऱ्या पायावर आणि ५ व्होल्ट तिसऱ्या पायावर असतील, तर ती कॅन ट्रान्सीव्हर, म्हणजे गाडीतल्या पेट्यांना एकमेकींशी बोलू देणाऱ्या कॅन या दोन तारांच्या जाळ्याशी जोडणारी चिप, असण्याचा दाट संभव आहे. फिलिप्सच्या टीजेए१०५० आणि तिच्याआधीच्या पीसीए८२सी२५० या चिपांची मांडणी अशीच आहे. मग सहावा आणि सातवा पाय तपासावा. हे दोन्ही कनेक्टरवरील कॅनच्या दोन पिनांना मिळत असतील तर शंका उरत नाही. पुष्कळदा त्या दोन पायांमध्ये १२० ओहम भरतात, कारण कॅनच्या मुख्य तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे रेझिस्टर लावायचे असतात आणि त्यातले एक टोक अनेक गाड्यांत ईसीयूमध्येच असते. गाडीत दोन्ही टोके जोडलेली असताना हाच आकडा ६० ओहम दिसतो.

ग्राउंड चौथ्या पायावर आणि पुरवठा आठव्यावर असेल, तर चिप बहुधा सीरियल ईईप्रॉम आहे, म्हणजे वीज गेल्यावरही थोडी माहिती जपून ठेवणारी छोटी मेमरी. त्यातही पाचव्या आणि सहाव्या पायांवरून रेझिस्टर पुरवठ्याकडे गेलेले असतील तर ती २४ मालिकेतील दोन तारांची मेमरी समजावी, आणि पहिला, दुसरा, पाचवा व सहावा असे चारही पाय मायक्रोकंट्रोलरकडे जात असतील तर ९५ मालिकेतील. ग्राउंड पाचव्या पायावर आढळला तर ९३ मालिकेकडे बोट दाखवता येते, मात्र त्या मालिकेत पायांची मांडणी फिरवलेले प्रकारही आहेत, म्हणून उलटतपासणी केल्याशिवाय पुढे जाऊ नये. एवढा सगळा निष्कर्ष आपण एकही अक्षर न वाचता, बोर्डाला वीजही न देता काढलेला असतो. माझ्या मते या विद्येतला सर्वांत समाधान देणारा भाग हाच आहे.

मायक्रोकंट्रोलर ओळखणे त्या मानाने सोपे. तो सर्वांत जास्त पायांचा असतो, त्याच्या शेजारी क्रिस्टल असतो आणि बाकीच्या बहुतेक वाटा त्याच्याकडे येतात. प्रोग्राम कुठे राहतो हे मात्र पिढीवर अवलंबून आहे. सुरुवातीच्या पेट्यांत तो काचेची खिडकी असलेल्या किंवा नसलेल्या ईप्रॉम नावाच्या मेमरी चिपमध्ये असे. पुढे बॉशच्या एमई७ सारख्या पेट्यांत सी१६७ घराण्याचा मायक्रोकंट्रोलर आणि बाहेर ४४ पायांची वेगळी फ्लॅश चिप, म्हणजे पुन्हा लिहिता येणारी मेमरी, अशी जोडी आली. त्यातली २९एफ८०० ही चिप १ मेगाबाइटची. त्यानंतर प्रोग्राम मायक्रोकंट्रोलरच्या पोटातच गेला. रेनेसासच्या एसएच७०५८ मध्ये १ मेगाबाइट आणि इन्फिनिऑनच्या ट्रायकोअर घराण्यातील टीसी१७९७ मध्ये ४ मेगाबाइट फ्लॅश आतच असते. बाहेर फ्लॅश चिप दिसत नाही म्हणून ती हरवली असे समजून शोधत बसू नये.

प्रोग्राम वाचून घेण्याचे मार्ग याच पिढीवर ठरतात. बाहेरची चिप गरम हवेने सोडवून प्रोग्रामरमध्ये वाचता येते. सी१६७ मध्ये याहून सौम्य मार्ग आहे: रीसेटच्या क्षणी एका ठरावीक पायाला रेझिस्टरने ग्राउंडकडे ओढले, तर तो नेहमीचा प्रोग्राम चालवण्याऐवजी सीरियल तारेवर वाट पाहत राहतो. त्याला एक शून्य बाइट पाठवला की तो आपली ओळख सांगणारा बाइट परत देतो, त्यानंतर ३२ बाइटांचा छोटा प्रोग्राम स्वीकारतो आणि तो चालवतो. त्या ३२ बाइटांत मोठा प्रोग्राम आत घेण्यापुरती सोय करायची आणि मग मोठ्या प्रोग्रामने सगळी फ्लॅश बाहेर पाठवायची. फ्रीस्केल आणि इन्फिनिऑनच्या पुढच्या चिपांत जेटॅग किंवा बीडीएमसारखी तपासणीची दारे असतात, पण नव्या पेट्यांत ती पासवर्डने बंद केलेली आढळतात. मार्ग कोणताही असो, वाचन दोनदा करून दोन्ही फायली बाइटगणिक जुळवाव्यात आणि मूळ प्रत वेगळी ठेवावी. ईईप्रॉमची प्रतही घ्यावी, कारण किल्ली ओळखणाऱ्या इमोबिलायझरची माहिती पुष्कळदा तिथेच असते आणि ती बिघडली तर गाडी सुरूच होत नाही. हीच माहिती चोराच्याही कामाची असते, म्हणून ती स्वतःच्या किंवा लेखी परवानगी मिळालेल्या पेटीपुरतीच ठेवावी आणि कुणाला देऊ नये.

आता हातात आलेली असते लाखो बाइटांची एक फाइल, आणि तिच्यात सूचना कोणत्या, आकडे कोणते हे कुठेही लिहिलेले नसते. इथे चिपची ओळख पटल्याचा खरा लाभ होतो. एसएच घराण्याचा प्रोसेसर सुरू होताना पत्ता ० वरचे पहिले ४ बाइट पहिल्या सूचनेचा पत्ता म्हणून वाचतो आणि पुढचे ४ बाइट स्टॅकचा, म्हणजे तात्पुरते आकडे रचून ठेवण्याच्या जागेचा, पत्ता म्हणून. हे आकडे फाइलमध्ये पाहिले आणि पहिला पत्ता फ्लॅशच्या मर्यादेत, दुसरा रॅमच्या, म्हणजे चालू कामापुरत्या मेमरीच्या, मर्यादेत आला, तर फाइल सलग आहे आणि बाइटांचा क्रम बरोबर धरला आहे. क्रमाचा प्रश्न किरकोळ नाही. १२००० हा आकडा दोन बाइटांत ४६ आणि २२४ असा मांडला जातो, पण काही प्रोसेसर मोठा वाटा आधी ठेवतात आणि काही, सी१६७ सारखे, लहान वाटा आधी. उलटे वाचले तर तोच आकडा ५७३९० होतो आणि पुढचे सगळे अनुमान कोसळते. घिद्रा हे साधन, जे अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने मार्च २०१९ मध्ये सर्वांसाठी खुले केले, पुष्कळ प्रोसेसरांच्या बाइटांचे सूचनांत रूपांतर करते, पण प्रोसेसर कोणता हे त्याला आपणच सांगायचे असते.

एवढ्या सूचनांच्या गर्दीत धागा कुठून पकडायचा? यासाठी एक वाट मला फार सरस वाटते. गाडीच्या निदानासाठी ओबीडी नावाचे प्रमाण आहे आणि त्यातली मूलभूत प्रश्नोत्तरे सर्व निर्मात्यांना सारखीच द्यावी लागतात. इंजिनाचे फेरे विचारले, तर ईसीयू दोन बाइट पाठवते आणि त्यातून बनलेल्या आकड्याला ४ ने भागले की मिनिटाचे फेरे मिळतात; म्हणजे ३००० फेऱ्यांना उत्तरात नेमके १२०००. शीतकाचे तापमान विचारले, तर एक बाइट येतो आणि त्यातून ४० वजा केले की अंश सेल्सिअस मिळतात. याचा अर्थ, प्रोग्राममध्ये कुठेतरी रॅममधला तापमानाचा आकडा उचलून त्याचे या प्रमाणात रूपांतर करणारा तुकडा असलाच पाहिजे. बॉशच्या अनेक प्रोग्रामांत तापमान आतल्या आत ०.७५ अंशांच्या पायरीने आणि उणे ४८ पासून मोजलेले असते, म्हणून ९० अंश आत १८४ असतात आणि बाहेर १३० म्हणून जातात. ०.७५ ने गुणणारा आणि ८ वजा करणारा तुकडा सापडला, की रॅममधील तापमानाची जागा सापडली. मग तीच जागा आणखी कुठे कुठे वाचली जाते हे साधन दाखवते आणि त्यातून थंड इंजिनाला जास्त इंधन देणारा तक्ता, पंख्याचा निर्णय, ठिणगीची दुरुस्ती अशी एकेक खोली उघडत जाते.

उलट्या बाजूनेही येता येते. मायक्रोकंट्रोलरचा कोणता पाय तापमानाच्या सेन्सरला जोडलेला आहे हे आपण मल्टीमीटरने आधीच ठरवलेले असते, त्या पायाचा आकडा कोणत्या रजिस्टरमध्ये, म्हणजे चिपमधल्या कोणत्या ठरावीक कप्प्यात, येतो हे डेटाशीट सांगते आणि ते रजिस्टर वाचणारी सूचना प्रोग्राममध्ये सापडते. दोन्ही वाटा रॅममधल्या एकाच जागेवर मिळाल्या, तर नाव शाईने लिहावे. तक्ते ओळखण्यासाठी फाइल आलेखासारखी पाहण्याचीही पद्धत आहे: चढत जाणाऱ्या फेऱ्यांची एक ओळ, मग भाराची दुसरी ओळ आणि त्यांच्यामागे सलग डोंगरउतारासारखे दिसणारे १६ गुणिले १६ आकडे, असा आकार डोळ्यांना लगेच कळतो. पण आकारावरून नाव देणे धोक्याचे असते, कारण इंधनाचा आणि ठिणगीचा तक्ता दुरून सारखेच दिसू शकतात.

या सगळ्या खटाटोपाचे सामाजिक मोल २०१५ मध्ये जगाला दिसले. त्या सप्टेंबरमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर नोटीस बजावली, की तिच्या डिझेल गाड्या चाचणी चालू असल्याचे ओळखून तेवढ्यापुरते प्रदूषण कमी करतात. त्याच डिसेंबरमध्ये हॅम्बुर्गमधील एका परिषदेत फेलिक्स डोम्के या अभियंत्याने आपल्याच गाडीच्या ईसीयूमधील प्रोग्राम उलगडून दाखवला. त्यात काळ आणि कापलेले अंतर यांच्या मर्यादारेषा होत्या आणि त्या तेव्हाच्या युरोपीय चाचणीच्या ठरलेल्या धावेशी जुळत होत्या. ती धाव ११८० सेकंदांची आणि सुमारे ११ किलोमीटरची होती. गाडी त्या रेषांच्या आत चालली तर वागणे एक, बाहेर गेली तर दुसरे. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात नऊशेहून अधिक फर्मवेअर फायली, म्हणजे ईसीयूमधले प्रोग्राम, अशाच खुणांसाठी संगणकाने तपासल्या गेल्या. कागदावरच्या कोणत्याही प्रमाणपत्रातून हे कळले नसते. त्यासाठी कुणीतरी बाइट वाचायला बसावे लागले.

प्रोग्राममध्ये प्रयोगासाठी एखादा आकडा बदलला, तर बेरीज तपासणारे चेकसम पुन्हा जुळवावे लागतात, नाहीतर ईसीयू चूक नोंदवते किंवा चालायलाच नकार देते. पण समज पक्की करण्यासाठी आकडे बदलायची गरजच नसते आणि रस्त्यावरच्या गाडीत तर ते करूच नये; ठिणगी चुकीच्या कोनात गेली तर पिस्टन जातो आणि उत्सर्जनाचे नियमही मोडतात. पेटी टेबलावर ठेवावी, तिला १२ व्होल्ट द्यावेत, सिग्नल तयार करणाऱ्या यंत्राने त्या ६० उणे २ दात्यांच्या चाकाची नक्कल करावी आणि व्होल्टचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप इंजेक्टरच्या पिनला लावावा. इमोबिलायझरची खूण न मिळाल्यास काही पेट्या इंजेक्टर बंद ठेवतात, तेवढे ध्यानात ठेवावे. तापमानाच्या पिनवर आधी साधारण २.५ किलोओहमचा रेझिस्टर लावला, तर ईसीयूला इंजिन २० अंशांवर आहे असे वाटते आणि इंजेक्टरचा ठोका, म्हणजे तो उघडा राहण्याचा काळ, रुंद दिसतो; तिथे सुमारे ३२० ओहम लावले, तर इंजिन ८० अंशांवर आले असे समजून ती ठोका आखडते. दोन्ही रुंदींचे गुणोत्तर मोजावे आणि आपण थंड इंजिनाचा म्हणून खूण केलेल्या तक्त्यातल्या त्या दोन घरांशी ताडून पाहावे. ते जुळले नाही, तर मधे आणखी एखादी दुरुस्ती लागू होत आहे किंवा आपला तक्ता दुसराच आहे, आणि पेन्सिलने लिहिलेले नाव खोडून पुन्हा रॅमच्या त्याच जागेपासून शोध सुरू करावा.